पुढच्या घराची पाळी

'नेरीना' जहाज, रास झुबैन बंदर
४ मार्च १९९७

ताता,

सलाम. तू गावची बोडुताता झालीस हे वाचून मी जहाजभर सांगत सुटलो. गावातल्या समस्त बायकांची मुखत्यार म्हणजे काय, हे या लोकांना समजावताना मात्र माझा घाम निघाला. आमचा स्वयंपाकी दांते फिलिपिन्सचा. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या बेटावर पुरुष बहिणीचं ऐकतात?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकडे?" तर म्हणतो, "बायकोचं. ऐकायचंच तर कुणाचं का असेना!"

आता माझी बातमी. हे पत्र खुशाल चारचौघांत वाच आणि वेलिगे घराच्या अय्यूबला पुढच्या रांगेत बसव.

आमचं जहाज इथे अडकून पडलंय, हे तुला ठाऊक आहेच. पोटात सिमेंट आहे. मालक ग्रीक, झेंडा अशा देशाचा जिथे आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नाही. मालकाने आता फोन उचलणंच बंद केलंय, म्हणून बंदरवाल्यांनी जहाजावर जप्ती आणली. काल त्यांच्या कचेरीतले हमदान साहेब आले. सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि म्हणाले, "तुम्हाला घरी पाठवतोय. पण माणसावाचून जहाज बंदरात ठेवता येत नाही. जहाजाचा निकाल लागेपर्यंत कुणीतरी राखणीला राहायला हवं. बोला, कोण राहतं?"

इथे सगळ्यांची भाषा येणारा मी एकटा. वीस वर्षं नाना देशांच्या लोकांबरोबर जहाजं घासली, ती काही फुकट नाही गेली. बर्मी खलाशांना त्यांच्या भाषेत सांगितलं, इंजिनवाल्या युक्रेनी म्हाताऱ्याला त्याच्या, दांतेला त्याच्या. शब्द न शब्द सांगितला. तर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले! मला लाज वाटली, ताता. आपल्या गावच्या होडीच्या राखणीला कुणी असं बुटांकडे बघतं का? बूट नसतात म्हणून असेल. पण घराची पाळी आली की माणूस मुकाट जाऊन बसतो, पुढच्या घराचा माणूस येईपर्यंत हलत नाही. मी हात वर केला. म्हटलं, "पहिली पाळी माझी."

कप्तानाने मला मिठी मारली. युक्रेनी म्हातारा तर चक्क रडला. आजपासून हे एवढं थोरलं जहाज तुझ्या भावाच्या ताब्यात आहे. सगळे शुक्रवारी जातील. महिना, फार तर दोन महिने मी बसेन, मग दुसरा कुणी येईल. जुलैखाला सांग, तुझा नवरा इदला घरी आहे.

तुझा इद्रिस

*

मिनिकॉय
२ एप्रिल १९९७

इद्रिस,

दुआ. तुझं पत्र वाचलं, मग लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा वाचलं. गावच्या पुरुषांचे मुखत्यार आपले बोडुकाका, त्यांनी जाहीर करून टाकलं की रुकुगे घराचा पोरगा नाखवा झाला. आमच्या घरापुढे सगळ्या गावाचं जेवण झालं. कुप्पा मासा मी स्वतः शिजवला, त्यामुळे नावं ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मात्र मला विहिरीवर जायची सोय राहिली नाही. पाणी भरायला गेले की पोरांच्या आया घेरतात. "इद्रिसला लिही, आमच्या हुसैनला घे." "आमच्याला निदान स्वयंपाकघरात तरी लाव." मी सगळ्यांना हो म्हटलंय. बोडुताता झाल्यावर पहिल्याच महिन्यात नाही कसं म्हणू? तेवढं बघ.

अय्यूबला पुढे बसवला होता. सगळं ऐकून म्हणतो, "नांगर टाकून बसलेला नाखवा आजवर पाहिला नव्हता." मी म्हटलं, "तू तरी कधी नांगर उचललायस?" सगळ्या बायका हसल्या. होड्यांच्या शर्यतीत तू त्याला हरवलंस, तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय ते अजून थांबलेलं नाही.

जुलैखा म्हणते, इदला येतो म्हणतोय, पण कुठल्या सालच्या, ते विचारा.

हव्वा

*

'नेरीना'
११ मे १९९७

ताता,

सलाम. मी मजेत आहे. जहाज फार मोठं आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं म्हणजे आपल्या मशिदीपासून दीपस्तंभापर्यंत चालल्यासारखं वाटतं. मी रोज चालतो. समोर बंदरातले दिवे दिसतात. पाणी घेऊन एक होडी येते, तिच्यावरच्या माणसाजवळ हे पत्र देतोय.

हमदान साहेब फार सज्जन आहेत. त्यांना विचारलं, माझ्या जागी पुढचा माणूस कधी येणार? ते म्हणाले, इन्शाअल्ला. आपणही हेच म्हणतो, आणि काय अर्थाने म्हणतो तेही मला माहीत आहे. तरी मी दोन आठवडे बोचकं बांधून बसलो.

पोरांच्या आयांना सांग, भरती थोडी लांबली आहे. इकडे हवा छान आहे. पक्षी येतात. अय्यूबला सलाम सांग, त्याने घेतला तर.

तुझा इद्रिस

*

मिनिकॉय
१५ जून १९९७

इद्रिस,

दुआ. तू पक्ष्यांबद्दल लिहिलंस. दिव्यांबद्दल लिहिलंस. जन्मात कधी हवा छान आहे म्हणाला नाहीस, तेही लिहिलंस. काय जेवलास हे लिहिलं नाहीस. लहानपणापासून तुझं कुठलंही बोलणं जेवणाशिवाय पुरं झालेलं मला आठवत नाही.

आणि अय्यूबला सलाम? तुला ताप आहे का?

हे पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पुढचं फक्त माझ्यासाठी लिही. खरं लिही. मी तुझी बहीण आहे, गाव नाही.

हव्वा

*

'नेरीना'
२० जुलै १९९७

ताता,

खरं लिहितो.

मी एकटा आहे. सगळे गेले त्या दिवसापासून एकटाच आहे. इंजिनाचं तेल संपलं, त्यामुळे दिवा नाही, पंखा नाही, शीतपेटी नाही. दुपारी लोखंडावर हात ठेवला तर कातडी सुटते. बर्मी खलाशी जाताना तांदूळ ठेवून गेले होते, त्यात किडे झाले, तेच निवडून खातो. सिमेंट ओलावा लागून दगड झालंय. जहाजाच्या पोटात आता एक डोंगर आहे आणि त्याची राखण मी करतोय.

गेल्या महिन्यात बंदरातल्या कचेरीत जाऊ दिलं. हमदान साहेबांना म्हटलं, "साहेब, माझी पाळी संपली."

"कसली पाळी?"

"राखणीची. आता पुढचा माणूस पाठवा."

"पुढचा कोण?"

"ते तुम्ही सांगायचं. बंदर तुमचं आहे."

त्यांनी चहा मागवला. या कचेरीत चहा मागवला की समजावं, बातमी वाईट आहे. मग म्हणाले, "इद्रिस, पुढचा कुणी नाही. कायद्याला एक माणूस लागतो. तू उभा राहिलास, सही केलीस. मालकाचे खटले दोन-तीन देशांत चालू आहेत, ते संपून जहाज विकलं जाईपर्यंत तूच. तोवर तुझा पासपोर्ट इथेच राहणार."

मी ओरडलो. म्हटलं, "हे त्या दिवशी सांगायचं होतं!"

ते म्हणाले, "सांगितलं होतं. आणि मी कुठे, तूच सांगितलंस सगळ्यांना, ज्याच्या त्याच्या भाषेत. इतकं नीट सांगितलंस की कुणी हात वर केला नाही. मला वाटलं, सगळ्यांत जास्त तुलाच कळलंय."

ताता, मी परत येऊन दिवसभर तेच शब्द आठवत बसलो. निकाल लागेपर्यंत कुणीतरी राहायला हवं. एक शब्द चुकलो नव्हतो. त्या दांतेला कळलं, त्या पोरसवद्या बर्म्यांना कळलं. मी आपल्या होडीची राखण डोक्यात धरून उभा होतो. माझ्यामागे सगळी घरं ओळीने उभी आहेत असं वाटत होतं मला. म्हातारा का रडला ते आता कळतंय. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी साहेबांना आपली पाळीची रीत समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या आजोबांच्या वेळी विहिरीची अशीच रीत होती. पण इद्रिस, ती विहीर आमची होती. हे जहाज कुणाचं आहे?" शेवटी मी सुटण्याचा काही मार्ग आहे का विचारलं. म्हणाले, "दुसऱ्या कुणी स्वखुशीने येऊन तुझ्या जागी सही केली तर आहे. पण शहाणा माणूस येईल का?"

गावात काही बोलू नकोस. जेवणावळ उठून गेलीय, आता कुठल्या तोंडाने सांगणार? पण तुला सांगितलं हे बरं झालं. मी हल्ली मोठ्याने बोलतो. कधी दांतेच्या भाषेत, कधी म्हाताऱ्याच्या. मला भीती वाटते, ताता.

इद्रिस

*

मिनिकॉय
१ सप्टेंबर १९९७

इद्रिस,

दुआ. गावात बोलू नकोस म्हणालास. मी त्याच दिवशी बायकांना गोळा केलं आणि तुझं पत्र वाचलं. किड्यांसकट. रागाव हवं तर. गावजेवण मी घातलं होतं, तर ते निस्तरायचंही मलाच. आधी हुसैनची आई रडायला लागली, आणि मग सगळ्यांनी मिळून तुला नावं ठेवली. ऐकायला बरं वाटलं. परक्याला कुणी इतक्या मायेने शिव्या देत नाही.

मग पुरुष आले. बोडुकाका म्हणाले, कोचीला अर्ज करू, दिल्लीला अर्ज करू. केले. मग अय्यूब उठला. "होडी गावची असेल तर पाळी गावची. हे जहाज ग्रीकाचं. त्याच्या पाळीशी आपला काय संबंध?"

बोलणं खोटं नव्हतं. मला तोडता येईना, म्हणून मी म्हटलं, "चूक इद्रिसची का त्यांची, याचा निवाडा तिकडच्या कचेरीत होईल. इथे एवढंच आहे की आपला एक माणूस पाळीवर बसलाय आणि त्याला उठवायला कुणी गेलेलं नाही. असं या गावात कधी झालंय?"

रुकुगेनंतर अय्यूबचं वेलिगे घर येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी त्याचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. अय्यूब उठून निघून गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी मासे सुकत घालत होते, तर हा माझ्यामागे येऊन उभा. तोंड आंबट करून म्हणतो, "तिकडे उकाडा फार असतो का?" मी म्हटलं, "इद्रिसने सगळं लिहिलंय, तुला ऐकवलंय." म्हणतो, "तो एकाचं दहा करून सांगतो. लुंग्या किती घेऊ, तेवढं सांग."

कोचीचा दलाल त्याला तिकडे जाणाऱ्या जहाजावर चढवून देतोय. जुलैखाने तुझ्यासाठी सुकवलेला कुप्पा बांधून दिलाय. अय्यूबने वाटेत खाल्ला नाही तर मिळेल.

हव्वा

*

खलाशांची धर्मशाळा, रास झुबैन
२३ नोव्हेंबर १९९७

ताता,

मी जमिनीवर आहे. हे लिहिताना माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय. परवा कोचीचं जहाज मिळेल.

अय्यूब पाण्याच्या होडीतून आला. शिडीवरून वर चढला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढंच? तुझ्या पत्रात तर मोठं होतं." मी त्याच्या गळ्यात पडलो. तो म्हणाला, "लांब हो, वास येतोय तुला."

मी त्याला सगळं सांगितलं, कुठे लोखंड कुजलंय, कुठे पाय ठेवायचा नाही. आणि हेही सांगितलं की सही केलीस तर सुटका कधी, ते कुणालाच माहीत नाही. म्हटलं, "तू परत जा." तो म्हणाला, "माझ्यानंतर सालगे, त्यांच्यानंतर हुसैनचं घर. तुला मोजता येत नाही का?"

हमदान साहेबांनी त्याला तीनतीनदा विचारलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तुझा कोण? भाऊ?" मी म्हटलं, "नाही. आम्ही फारसे बोलतही नाही." साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. मग विचारलं, "आणि याच्यानंतर?" अय्यूबला अरबी येत नाही, तरी त्याला कळलं. त्याने बोटांनी दाखवलं, आणखी आहेत. साहेबांनी सहीचा कागद पुढे केला.

खोटं कशाला बोलू? मी त्याला परत जा म्हटलं, ते एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित तो गेला असता. मी म्हटलं नाही. मला घरी यायचं होतं.

इद्रिस

*

'नेरीना'
९ मार्च १९९८

इद्रिस,

तुझ्या बहिणीला माझा सलाम. तुला नाही.

तू जे लोखंड कुजलंय म्हणालास, त्याच्या शेजारचंही कुजलंय, ते सांगितलं नाहीस. पाय थोडक्यात वाचला. उकाड्याबद्दल मात्र तू एकाचं दहा केलं नव्हतंस, हे कबूल करतो. हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

सालगेचा माणूस रमजानच्या आधी निघणार होता. रमजान झाला, इदही झाली. मी शिडीजवळ बसून बघतो. पाण्याची होडी येते, पाणी देते, जाते. हमदान साहेब आठवड्याला येतात. सुरुवातीला खुणेने विचारायचे, "पुढचा निघाला का?" आता विचारत नाहीत. आपल्या घरून डबा आणतात आणि मी खातो तेव्हा दुसरीकडे बघतात. त्याने मला जास्त भीती वाटते.

तुझ्यासारख्या मला भाषा येत नाहीत, त्यामुळे मी मोठ्याने बोलत नाही. पण काल स्वतःशीच वल्हवताना म्हणायचं गाणं म्हणत होतो. शर्यतीतल्या तुमच्या होडीचं म्हणत होतो, आमच्या नाही. हे काही चांगलं लक्षण नाही.

कोण निघालंय, तेवढं कळव.

अय्यूब

*

मिनिकॉय
१८ एप्रिल १९९८

अय्यूब,

सलाम. मी खरं तेच लिहितो, कारण गोड लिहून काय होतं ते माझ्यावरून तू पाहिलंसच.

कुणी निघालेलं नाही. सालगेचा माणूस दुसऱ्या जहाजावर नोकरीला लागला. हुसैन तयार होता, त्याची आई आडवी आली. आणि दोष माझा आहे. मी घरी आलो तेव्हा रोज कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं. म्हणायचे, सांग, सांग. मी सांगत गेलो. मला आयुष्यात तेवढं एकच करता येतं. लोखंड, किडे, एकटेपणा, सगळं इतकं चांगलं सांगितलं की ऐकणाऱ्यांच्या घशात घास अडकायचा. आता बेटावरच्या प्रत्येक आईला ते जहाज डोळ्यांनी पाहिल्यासारखं माहीत आहे. मग पाठवील कोण?

ताताने पुन्हा सभा बोलावली. एकेका घराचं नाव घेतलं. जो तो पायाकडे बघायला लागला, ताता त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मी मान वर करू शकलो नाही. कुणीतरी म्हणालं, "तू बोडुताता आहेस, हुकूम कर." ती म्हणाली, "हुकमाने बसवलेला माणूस राखण करत नाही, कैद भोगतो. तसं करायचं असतं तर ते त्या बंदरवाल्यांनीच केलं असतं, आपण कशाला हवे होतो?" मग ती घरी आली आणि माझ्याशी बोलली नाही.

मला कुणी काही म्हणत नाही, अय्यूब. माझी पाळी झाली, सगळे म्हणतात. जुलैखा ताट वाढते. मी मासेमारीला जातो, नमाजाला जातो, झोपतो. वर पंखा नाही, छताला झावळ्या आहेत, वारा समुद्रावरून येतो. सगळं मला हवं होतं तसंच आहे. आणि रोज पाण्याच्या होडीची वेळ झाली की माझं चित्त उडतं. तू त्या वेळी शिडीजवळ जाऊन उभा राहतोस, होडीत माणसं किती आहेत ते बघतोस, मग होडी जवळ आल्यावरही पुन्हा बघतोस. मला कुणी सांगायला नको. या अख्ख्या बेटावर ते बघणं कसं असतं हे माहीत असलेला मी एकटाच आहे. ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते सांगताच येत नाही.

सगळी घरं संपली की पाळी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होते. घरं संपलेली नाहीत, पण पाळी थांबली आहे, म्हणजे तेच. काल जुलैखाला सांगितलं. ती खूप वेळ भांडली. मग रडली. मग विचारलं, "आता कुठल्या सालच्या इदला?" आज तिनेच बोचकं बांधायला घेतलं. ताताला अजून सांगायचं आहे. तिला बहुतेक कळलंय, कारण आज ती माझ्याशी बोलली.

हमदान साहेबांना माझं नाव सांगू नकोस. विचारलं तर म्हण, पुढच्या घराचा माणूस निघालाय.

मला फार भीती वाटतेय. तुला वाटत होती त्याहून जास्त, कारण तू आलास तेव्हा तुला ते फक्त ऐकून माहीत होतं.

कोचीचं जहाज मंगळवारी आहे. पाणी जपून वापर, मी येतोय.

इद्रिस